इटालियन मोका पॉट: गावच्या गॅसवर आणि बोअरच्या पाण्यात

इटलीतल्या घरांत सकाळी गॅसवर चढतं ते मोका पॉट नावाचं हे अष्टकोनी भांडं. खालच्या भागात पाणी, मधल्या चाळणीत कॉफी पावडर; वाफेच्या दाबाने पाणी पावडरीतून वर चढतं आणि कॉफी वरच्या भागात जमते. अल्फोन्सो बियालेत्ती यांनी 1933 मध्ये पिडमॉन्टमधल्या क्रुझिनाल्लोच्या आपल्या कारखान्यातून ते बाजारात आणलं. तोवर तशी कडक कॉफी प्यायची तर कॉफीच्या बारमध्येच जावं लागायचं. युद्धानंतर मुलगा रेनातो यांनी जाहिरातींचा धडाका लावला आणि भांड्यावरचं मिशीवाल्या माणसाचं चित्र घराघरात पोचलं. 2016 मध्ये रेनातो वारले, तेव्हा त्यांची रक्षासुद्धा मोठ्या मोका पॉटमध्येच ठेवली गेली.

आता हे भांडं ऑनलाइन आपल्याकडेही घरपोच येतं. घ्यायच्या आधी माप समजून घ्या. ‘3 कप’ लिहिलेल्या भांड्यातून साधारण 130 मिली कॉफी निघते, म्हणजे आपला एक भरलेला कप. शिवाय अर्धं भरून ते नीट चालत नाही. सहा कपांचं आणून दोघांपुरती करू म्हटलं, तर कॉफी पांचट होते. पाहुण्यांनी भरलेल्या घरात हे चहाच्या गंजाची जागा घेणार नाही.

दुसरी अडचण शेगडीची. आपल्या बर्नरवरच्या जाळीचे दांडे लांब-लांब असतात. लहान मोका त्यावर डुगडुगतो, कधी आडवाही होतो. वर ठेवायची छोटी लोखंडी जाळी सोबतच घ्या. बर्नर लहान वापरा, आच मंद ठेवा; ज्योत बुडाच्या बाहेर आली की प्लास्टिकची मूठ वितळायला लागते. त्यामुळे चुलीवर ठेवायचा विचारच नको. अॅल्युमिनियमचं भांडं इंडक्शनवर तापत नाही; त्यासाठी तसा स्पष्ट उल्लेख असलेलं स्टीलचं घ्यावं लागतं.

आता पाणी. विदर्भात खरी मेख इथे आहे. खालच्या भांड्याला बाजूने पितळी सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, त्याचं काम कुकरच्या व्हॉल्व्हसारखंच. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर आतून चढत जातो आणि व्हॉल्व्हची पिन अडकते. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर पाणी मुळातच खारं. त्याची कॉफीही मचूळ लागते. आरओच्या कॅनचं पाणी वापरा. पिन बोटाने किंवा काडीने दाबून हलते का ते अधूनमधून पाहा. घट्ट बसली असेल तर भांडं गॅसवर ठेवू नका.

पाणी व्हॉल्व्हच्या खालपर्यंतच. पाण्याऐवजी दूध ओतायचा मोह होईल, तो टाळा: दूध करपतं, साय व्हॉल्व्हमध्ये आणि नळीत अडकते. इटलीतही सकाळची दुधाची कॉफी करताना दूध वेगळं तापवून नंतर मिसळतात. जेवणानंतर मात्र तिथे काळीच पितात.

पावडर बिनचिकोरीची हवी (चिकोरी म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेली मुळी). किराणा दुकानातली इन्स्टंट इथे कामाची नाही. चिकोरी मिसळलेली फिल्टर पावडर ओली झाली की चिकट होऊन जाळी तुंबवते. दळण बारीक रव्याइतकं. पिठासारखं झालं की वाफ अडते. तीन कपांच्या भांड्याला 15 ते 17 ग्रॅम पुरे. चाळणी काठोकाठ भरा, वरून सपाट करा, पण दाबू नका. हे एस्प्रेसोचं, म्हणजे बारमधल्या कडक कॉफीचं, यंत्र नव्हे: त्यात 9 बारचा (हवेच्या सुमारे नऊपट) दाब असतो, इथे एक-दीड बारचा. आपली चिखलदऱ्याची कॉफी मिळाली तर ताजी दळून वापरून पाहा. तसंही भारतातून बाहेर जाणाऱ्या कॉफीचं सर्वात मोठं गिऱ्हाईक इटलीच आहे.

काठावर सांडलेले कण पुसून मगच फिरकी आवळा; तेवढा एक कण राहिला तरी मधून वाफ फुसफुसते. खाली आधीच गरम पाणी घातलं तर पावडर फार वेळ तापत नाही आणि कडवटपणा कमी होतो. फक्त आवळताना खालचा भाग फडक्यात धरा. झाकण उघडं ठेवून पाहत राहा. आधी गडद तपकिरी जाड धार येते, मग ती फिकट, मधाच्या रंगाची होते. भांडं गुरगुरायला लागलं की लगेच उतरवून बूड ओल्या फडक्यावर टेका. त्यानंतर येतं ते सगळं कडू. नेपल्समध्ये पहिले थेंब साखरेत घालून चमच्याने फेटतात आणि तो फेस कपात वरून सोडतात; आपल्याकडे लग्नाघरी फेटलेली कॉफी होते, त्याच जातीची युक्ती.

भांडं थंड झाल्यावर साध्या पाण्याने धुवा. राख, तारेची घासणी, चिंच यांतलं काहीही नको, अॅल्युमिनियम खराब होतं. ओलं असताना आवळून ठेवलं तर आत कुबट वास धरतो.

देशी बनावटीचं भांडं मूळ इटालियनपेक्षा बरंच स्वस्त पडतं आणि चवीत म्हणण्यासारखा फरक नाही. फरक पडतो तो रबराच्या रिंगमध्ये. ती कडक झाली की वाफ मधूनच निसटते, वर काही चढत नाही, आणि तालुक्याच्या कुकर दुरुस्तीवाल्याकडे हे माप नसतं. म्हणून ज्या भांड्याची रिंग वेगळी मिळते तेच घ्या, आणि त्याच ऑर्डरमध्ये दोन जादा मागवा.