छतावरचं ३ किलोवॉट सोलर: बिल उतरलं, पण लाईट गेली की हेही बंद

मिरजेतल्या आमच्या घरावर ऑन-ग्रिड, म्हणजे विजेच्या लाइनीला जोडलेलं, सोलर बसवलं, त्याला एक उन्हाळा आणि एक पावसाळा झाला. म्हणून आता लिहिते.

किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते. माझा जीव वाळवणात अडकलेला, त्यामुळे सांगाडा डोक्याच्या वर उंच करून घेतला. उडदाचे पापड तसेही सावलीतच वाळवायचे, ते पॅनेलखाली बसतात. कुरडयांना उरलेली उन्हाची पट्टी पुरते. जादा पैसे पडले आणि पॅनेल धुवायला शिडी लागते, तरी चालेल.

चांगल्या उन्हात दिवसाला १२ युनिटच्या आसपास वीज होते. मे महिन्यात सगळ्यात जास्त होईल असं मला वाटायचं, पण पॅनेल २५ अंशांच्या वर तापलं की दर अंशामागे ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं. त्याला ऊन हवं, उकाडा नको! जुलैतल्या ढगाळ आठवड्यात तर आकडा निम्म्याच्याही खाली गेला.

खरी गंमत नेट मीटरची. दुपारी उरलेली वीज लाइनीत जाते, रात्री आपण तिकडून घेतो आणि बिलात वजाबाकी होते. ‘बिल झिरो’ म्हणणाऱ्यावर मात्र विश्वास ठेवू नका, स्थिर आकार भरावाच लागतो.

गल्लीतल्या बायका विचारतात, ‘वहिनी, लाईट गेली तरी तुमचा पंखा चालत असेल ना?’ नाही हो. लाइन बंद झाली की सोलरचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा डबा, बॅटरीवाला नव्हे) आपणहून बंद होतो, नाहीतर आपल्या छतावरची वीज तारेत जाऊन खांबावरच्या वायरमनला झटका बसेल. कारण पटतं, पण भर उन्हात वर एवढी पॅनेलं असताना खाली घाम पुसत बसायचा म्हणजे चिडचिड होतेच. बॅटरीवाली हायब्रिड सिस्टीम घेतली तर हे टळतं, पण खर्च बराच वाढतो.

२०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. ते नंतर खात्यात येतं, त्यामुळे आधी पैशांची सोय हवी. पॅनेल डीसीआर, म्हणजे सेलसुद्धा भारतात बनलेलं, असेल तरच ते मिळतं. कोटेशनवर तसं लिहून घ्या.

पाचपैकी चार. एक गुण कापला तो बसवणाऱ्यांचा. जिन्यातून वायर लोंबकळत सोडून गेले होते, शेवटी आमच्याच इलेक्ट्रिशियनकडून पाइपात घालून घेतली.