सेकंडहँड सॉफ्टवेअर: युरोपात विका, अमेरिकेत जपून, भारतात कागद बघून

ऑफिस बंद झालं किंवा नवी आवृत्ती आली की पैसे मोजून घेतलेलं जुनं सॉफ्टवेअर पडून राहतं. ते विकावं का, दुसऱ्याचं घ्यावं का, हे तुम्ही कोणत्या देशात आहात त्यावर ठरतं.

युरोपचा कायदा ग्राहकाच्या बाजूने उभा आहे, आणि मला तोच न्याय्य वाटतो. सॉफ्टवेअर बनवणारी ओरॅकल विरुद्ध वापरलेले परवाने विकणारी युजडसॉफ्ट या खटल्यात ३ जुलै २०१२ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने निकाल दिला: पूर्ण मोबदला घेऊन बेमुदत परवाना दिला की ती विक्रीच झाली, मग प्रत सीडीवर असो की डाउनलोड केलेली. पुढच्या विक्रीला कंपनी हरकत घेऊ शकत नाही, करारात मनाई लिहिलेली असली तरी. मात्र विकणाऱ्याने स्वतःकडची प्रत निकामी केली पाहिजे, आणि गठ्ठा फोडायचा नाही. ओरॅकलचे परवाने २५-२५ जणांचे होते. २७ जणांच्या कंपनीला दोन गठ्ठे घ्यावे लागत, पण उरलेल्या २३ जागा वेगळ्या काढून विकता येत नव्हत्या. २०१६ साली आणखी एक मर्यादा आली: मूळ डिस्क खराब झाली म्हणून स्वतः काढलेली बॅकअप प्रत कंपनीच्या परवानगीशिवाय विकता येत नाही.

अमेरिकेत उलटी गत. टिमथी व्हर्नर यांनी एका वास्तुरचना संस्थेकडून ऑटोडेस्क कंपनीच्या ऑटोकॅड रिलीज १४ या आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरच्या अस्सल प्रती घेतल्या आणि ईबेवर विकायला काढल्या. खालच्या कोर्टात ते जिंकले, पण २०१० मध्ये नवव्या सर्किटच्या (म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांच्या) केंद्रीय अपील न्यायालयाने ऑटोडेस्कची बाजू मान्य केली. करारात हा परवाना आहे असं म्हटलेलं असेल, हस्तांतरावर मोठं बंधन असेल आणि वापरावरही ठळक अटी असतील, तर ग्राहक प्रतीचा मालक ठरत नाही. मालकच नाही, तर त्याच्याकडून घेणाराही मालक होत नाही. पैसे मोजलेल्या माणसाला नुसता परवानाधारक ठरवणं मला पटत नाही, पण तिथे राहणाऱ्याने करार वाचल्याशिवाय विक्रीला हात घालू नये.

भारतात कॉपीराइट कायद्याच्या १९९४ च्या दुरुस्तीने प्रत आधी विकलेली असली तरी पुढच्या विक्रीचा हक्क निर्मात्याकडेच ठेवला होता. १९९९ च्या दुरुस्तीने ते शब्द कलम १४ मधून काढले. सर्वोच्च न्यायालयाने २ मार्च २०२१ च्या निकालात या बदलाची दखल घेतली, पण तो खटला आयकराचा होता. वापरलेला परवाना विकणाऱ्याने त्यावर निर्धास्त राहू नये.

म्हणून इथे व्यवहार करताना परवान्याचा प्रकार बघा. लॅपटॉपसोबत कंपनीनेच घालून दिलेलं, म्हणजे ओईएम विंडोज त्या लॅपटॉपसोबतच विकता येतं, त्यात अडचण नाही. सुटं घेतलेलं रिटेल विंडोज पहिला ग्राहक दुसऱ्याला देऊ शकतो, मात्र स्वतःच्या मशीनवरून काढून. मायक्रोसॉफ्ट ३६५ सारखी वर्गणी म्हणजे भाडं, तिथे विकायला काहीच नसतं.

ऑनलाइन नुसती ‘की’, म्हणजे सॉफ्टवेअर सुरू करायचा कोड, काही शे रुपयांत मिळते, ती घेऊ नका. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून संगणकावर वापरली, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब खाली सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. विकणाऱ्याकडून मूळ बिल आणि आपली प्रत काढून टाकल्याचं लेखी घ्या. ते द्यायला तो कां कूं करत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवा.