हातसुताच्या खादीचा सदरा: दोन वर्षांच्या वापरानंतर

वर्ध्यातील एका खादी भांडारातून घेतलेल्या कापडाचा हा सदरा मी दोन वर्षे नियमित वापरला आहे. शिवण्यापूर्वी कापड रात्रभर भिजवले नाही, म्हणून पहिल्याच धुण्यात बाह्या आटल्या. पुढे मात्र प्रत्येक धुण्यागणिक पोत मऊ होत गेला, आणि उन्हाळ्यात घाम ज्या सहजतेने सुकतो, ती सहजता मला गिरणीच्या कापडात कधी मिळाली नाही. निळा रंग उतरतो, हे विक्रेत्याने आधी सांगायला हवे होते.

३१ जुलै १९२१ रोजी परळला गांधीजींच्या उपस्थितीत विदेशी कापडाची होळी झाली. परंतु कोट आणि टाय म्हणजेच प्रतिष्ठित पोशाख, ही वसाहतकाळातील समजूत इतक्या वर्षांनंतरही टिकून आहे, आणि महाराष्ट्राच्या उकाड्यात वकिलांना आजही उच्च न्यायालयात काळा कोट घालूनच उभे राहावे लागते. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहिता बदलून यंत्रनिर्मित पॉलिस्टरच्या राष्ट्रध्वजालाही परवानगी मिळाली, याचे मला मनापासून दुःख आहे.

किंमत गिरणीच्या कापडापेक्षा अधिक आहे. तरीही मी दुसरा सदरा शिवायला दिला आहे, या वेळी न रंगवलेल्या कापडाचा. घेताना खादीचिन्ह अवश्य पाहावे.