ज्युरीपुढे जायचंय? मॉक ट्रायल, ज्युरीची निवड की साक्षीदाराची तयारी

भागीदाराशी बिनसतं, ग्राहक बिल थकवतो किंवा सोडून गेलेला कर्मचारी दावा ठोकतो. अमेरिकेत धंदा करणाऱ्या मराठी माणसाला कधी ना कधी हे बघावं लागतं. वकिलाच्या फीचा आकडा पचतो न पचतो तोच वकील विचारतो, "ज्युरी कन्सल्टंट घ्यायचा का?" ज्युरी, म्हणजे निकाल देणारे सामान्य नागरिक, कसा विचार करतील याचा सल्ला हा माणूस देतो. तो बहुधा मानसशास्त्र किंवा कम्युनिकेशन शिकलेला असतो आणि त्याच्याकडे चार-पाच वेगवेगळ्या सेवा असतात. सगळ्याच परवडत असतील तर पुढचं वाचायची गरज नाही. बाकीच्यांसाठी हा आढावा.

त्याआधी ज्युरी हवी का, हे ठरवा. फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात ती आपोआप मिळत नाही, मागावी लागते, आणि तीही त्या मुद्द्यावरचं शेवटचं प्लीडिंग (दाव्याचा किंवा उत्तराचा लेखी कागद) बजावल्यापासून 14 दिवसांत. ती मुदत हुकली तर तुम्ही हक्क सोडला असं धरतात. उलट एकदा रीतसर मागितलेली ज्युरी समोरच्याच्या संमतीशिवाय मागे घेता येत नाही. न्यायाधीशाने एकट्याने खटला चालवला तर कोणत्या गोष्टी सिद्ध झाल्या आणि कायदा काय सांगतो, हे त्याला स्वतंत्रपणे नोंदवावं लागतं. अपील करताना हातात काहीतरी असतं. ज्युरी बहुतेक वेळा कोण जिंकलं आणि किती रक्कम, एवढंच सांगून मोकळी होते. कारणं विचारायची सोय नाही.

म्हणून ज्युरी म्हणजे लॉटरी, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. ते मला पटत नाही. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी 1950 च्या दशकात साडेतीन हजारांवर फौजदारी खटले तपासले, तेव्हा सुमारे 78 टक्के खटल्यांत न्यायाधीशाचं आणि ज्युरीचं मत एकच होतं. माझा हिशेब साधा आहे. भांडण करारातल्या कलमांचं आणि इन्व्हॉइसच्या ढिगाचं असेल तर न्यायाधीश बरा. समोरचा तुमच्याशी कसा वागला हाच खरा मुद्दा असेल तर ज्युरी.

ज्युरी ठरली की बहुतेकांना पहिला मोह होतो तो निवडीचा, म्हणजे आपल्या बाजूची माणसं बसवण्याचा. आपल्या इतिहासात त्याला आधारही आहे. टिळकांच्या 1897 च्या राजद्रोहाच्या खटल्यात सहा युरोपीय ज्युरर दोषी म्हणाले आणि तीन भारतीय ज्युरर निर्दोष. 1908 मध्ये ज्युरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. टिळक स्वतः 21 तासांहून अधिक बोलले आणि निकाल लागला सात विरुद्ध दोन. समोर कोण बसलंय यापुढे वक्तृत्वाचं काही चाललं नाही. अमेरिकेत या कामाला शास्त्राचं रूप आलं ते 1972 च्या 'हॅरिसबर्ग सेव्हन' खटल्यात. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधकांसाठी समाजशास्त्रज्ञ जे शुलमन आणि सहकाऱ्यांनी स्थानिक लोकांच्या मुलाखती घेतल्या आणि कोणाला टाळायचं याचा आडाखा बांधला. मुख्य आरोपावर ज्युरी दहा विरुद्ध दोन अशी अडकली. बहुमत आरोपींच्या बाजूने होतं.

पण तुमच्या दिवाणी दाव्यात तुम्ही ज्युरी निवडत नाही, फक्त काही जणांना वगळता. फेडरल दिवाणी खटल्यात कारण न देता वगळण्याचे हक्क प्रत्येक बाजूला तीनच. त्यातही वंशावरून वगळायला 1991 पासून मनाई आहे आणि लिंगावरून 1994 पासून. प्रश्नही बरेचदा न्यायाधीशच विचारतात. ॲरिझोनाने तर 2022 पासून असे हक्कच काढून टाकले. तीन माणसं गाळण्यासाठी तज्ज्ञाला दिवसाचे पैसे मोजणं मला महाग वाटतं. अपवाद एकच. तुमच्या कोर्टात निकाल एकमताने लागत असेल आणि तुम्ही बचावात असाल तर एक ठाम माणूसही मोलाचा ठरतो. कॅलिफोर्नियाच्या राज्य न्यायालयात बारांपैकी नऊ जणांचं एकमत पुरतं, तिथे तेवढाही फायदा नाही.

मॉक ट्रायलचं तसं नाही. त्याच काउंटीतली माणसं पैसे देऊन बोलावतात, गुप्ततेच्या करारावर सह्या घेतात, दोन्ही बाजू मांडतात आणि मग त्यांची चर्चा कॅमेऱ्यातून बघतात. खर्च सहज पाच आकडी डॉलरमध्ये जातो. वीस-तीस लोकांवरून भरपाईचा आकडा काढणारा कन्सल्टंट भेटला तर सरळ उठून या. पैसे वसूल होतात ते दुसऱ्याच गोष्टीत: लोक कुठे गोंधळले, कोणता कागद त्यांनी मनावर घेतला, तुमच्याबद्दल कोणता प्रश्न त्यांच्या डोक्यात राहिला. ज्युरर पुरावे सुटे मोजत नाहीत, त्यांची गोष्ट रचतात, आणि गोष्टीत भोक दिसलं की ते स्वतःच बुजवतात. एवढं कळायला दहा-बारा जणांचा फोकस ग्रुपही (नुसती चर्चा करायला बोलावलेला गट) पुरतो, आणि तो डिस्कव्हरी (एकमेकांकडून पुरावा मागवायचा टप्पा) संपण्याआधी घेतला तर राहिलेला पुरावा मिळवायला वेळ मिळतो. रक्कम मोठी नसेल तर मी फोकस ग्रुपच घेईन.

सगळ्यात कमी दिमाखाची आणि माझ्या मते सगळ्यात आधी पैसे घालण्याजोगी सेवा म्हणजे साक्षीदाराची तयारी. फेडरल नियमाने डिपॉझिशन, म्हणजे खटल्याआधीची शपथेवरची जबानी, एका दिवसात सात तासांपर्यंत चालू शकतं आणि त्याचा व्हिडिओ पुढे ज्युरीला दाखवता येतो. आपली माणसं तिथे नेमकी फसतात. प्रश्न संपायच्या आत मान डोलवत "येस, येस" म्हणायची सवय असते. आपल्याला म्हणायचं असतं की ऐकतोय, पण जबानी शब्दशः उतरवणाऱ्या कोर्ट रिपोर्टरने टिपलेल्या कागदावर ती कबुली ठरते. "मार्चमध्ये ईमेल मिळाला होता का?" असं विचारलं की कंपनी कशी सुरू झाली इथपासून उत्तर सुरू होतं. हिशेबाचा प्रश्न आला की बायकोकडे बघायचं. काय बोलावं हे शिकवायला बंदी आहे, कसं बोलावं याचा सराव चालतो. प्रश्न संपू द्यायचा, एक श्वास घ्यायचा, विचारलं तेवढंच सांगायचं. खोट्या उलटतपासणीच्या दोन बैठकांत फरक दिसतो. शक्य असेल तर रेकॉर्डिंग स्वतः बघा. कसंनुसं होतं, पण त्याहून चांगला शिक्षक नाही.

शॅडो ज्युरी म्हणजे खटला चालू असताना कोर्टातल्या प्रेक्षकांत बसवलेली पगारी माणसं. कोणत्या बाजूने नेमलं हे त्यांना सांगत नाहीत आणि रोज संध्याकाळी त्यांचं मत विचारतात. कोट्यवधी डॉलरच्या दाव्यात ठीक आहे, इतरांनी नाद सोडावा.

काहीही घेतलंत तरी कन्सल्टंटला परस्पर नेमू नका, करार वकिलामार्फतच होऊ द्या. त्याच्या नोंदी समोरच्याने मागितल्या तर खटल्याची तयारी म्हणून त्या झाकून ठेवायला त्याने मदत होते. मॉक ट्रायल घेत असाल तर सहीपूर्वी एक विचारा: विरोधी पक्षाची बाजू कोण मांडणार? उत्तर "ऑफिसमधला नवा ज्युनियर" असं आलं तर तेवढ्यासाठी पैसे देऊ नका.