मॉडेलर: अनेक टेम्प्लेट आणि बांधलेले लिगँड, आठ महिन्यांच्या वापरानंतर

संकरित गायींना गोचिडांमुळे होणाऱ्या थायलेरिओसिसवर मुख्यतः बुपार्व्हाक्वोन हे औषध दिले जाते, हे पशुवैद्यकाशी संबंध आलेल्या बहुतेकांना ठाऊक असेल. हे औषध थायलेरिया ॲन्युलाटा या परजीवीच्या सायटोक्रोम बी या प्रथिनातील ‘क्यूओ’ नावाच्या खोबणीत बसते, असे मानले जाते. औषधाला दाद न देणाऱ्या परजीवींमध्ये याच खोबणीलगतची काही स्थाने, विशेषतः २५३ क्रमांकाचे प्रोलीन हे अमिनो आम्ल, बदललेली आढळली आहेत. प्रोलीनच्या जागी सेरीन आले की औषधाच्या वाटेत नेमके काय बदलते, हे पाहण्यासाठी मी प्रथिनांची रचना संगणकावर घडवणारी मॉडेलर ही प्रणाली हाती घेतली. दोन आठवड्यांत काम उरकेल असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात आठ महिने गेले. या काळात मॉडेलरविषयी माझे जे मत झाले, ते अशाच कामाला हात घालणाऱ्यांसाठी लिहीत आहे.

आंद्रेय शाली आणि टॉम ब्लंडेल यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीवर ही प्रणाली उभी आहे. रचना माहीत असलेल्या नातेवाईक प्रथिनांमधून (यांनाच टेम्प्लेट म्हणतात) अणूंमधील अंतरांची आणि कोनांची बंधने काढायची, आणि ती सगळी शक्य तितकी पाळली जातील अशी नव्या प्रथिनाची रचना शोधायची, हे तिचे मूळ सूत्र. शैक्षणिक वापरासाठी ती विनामूल्य आहे. नोंदणी केली की परवान्याची किल्ली मिळते. खिडक्या आणि बटणे नाहीत, सगळे काम पायथनच्या छोट्या स्क्रिप्टमधून चालते. दहाव्या आवृत्तीत वर्गांची नावे बदलली असली तरी जुन्या स्क्रिप्ट चालतात, त्यामुळे इतरांनी पूर्वी लिहून ठेवलेले बरेच काही आजही उपयोगी पडते. साध्या लॅपटॉपवर शंभर मॉडेल एका रात्रीत तयार होतात. स्थापनेविषयी याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही.

खरी परीक्षा लिगँडपासून, म्हणजे प्रथिनाला बांधलेल्या लहान रेणूंपासून, सुरू होते. सायटोक्रोम बी हे रिकामे प्रथिन नव्हे. त्याच्या पोटात दोन हीम, म्हणजे लोह धरणारे रेणू, असतात आणि प्रत्येक हीमचे लोह दोन हिस्टिडीनांनी धरलेले असते. हे हीम वगळून मॉडेल केले, तर आतल्या पोकळीत बाजूच्या शृंखला शिरतात आणि पुढच्या कोणत्याही निष्कर्षाला अर्थ उरत नाही. मॉडेलर मूलतः टेम्प्लेटमधील लिगँड वाचतच नाही. त्यासाठी ‘हेटॅटम’ हा पर्याय चालू करावा लागतो, आणि अलाइनमेंटच्या फाइलमध्ये (जिच्यात प्रथिनांमधील अमिनो आम्लांचे क्रम एकमेकांखाली जुळवून लिहिलेले असतात) प्रत्येक लिगँडसाठी एक टिंब द्यावे लागते. टेम्प्लेटच्या ओळीत टिंब आणि लक्ष्य प्रथिनाच्या ओळीतही टिंब असेल, तर तो लिगँड नव्या मॉडेलमध्ये येतो. लक्ष्याच्या ओळीत आडवी रेघ असेल, तर तो गाळला जातो. एवढा साधा नियम समजायला मला तीन आठवडे लागले, कारण ‘हेटॅटम’ चालू केला की हव्या त्या लिगँडबरोबर स्फटिकात अडकलेले फॉस्फोलिपिड आणि डिटर्जंटचे रेणूही मोजले जातात. यीस्टच्या रचनेत असे कितीतरी सोबती होते. माझ्या टिंबांची संख्या जुळेना आणि अलाइनमेंट व रचना यांतील अवशेषांची, म्हणजे अमिनो आम्ले आणि लिगँड यांची, संख्या वेगळी असल्याचा तोच तो संदेश पडद्यावर येत राहिला. चूक माझीच होती: फाइल उघडून शेवटच्या ओळींपर्यंत वाचण्याचे कष्ट मी घेतले नव्हते.

त्यावरचा उपाय सोपा निघाला. टेम्प्लेटची मूळ फाइल कधीही थेट वापरायची नाही. तिच्यातून हव्या त्या साखळ्या आणि हवे ते लिगँड वेगळे काढून एक छोटी फाइल करायची, आणि प्रत्येक लिगँड त्याच्या साखळीनंतर आपण ठरवलेल्या क्रमाने लिहायचा. प्रथिन माहितीपेढीच्या फाइलींमध्ये सगळे लिगँड शेवटी एकत्र येतात आणि अनेक साखळ्यांच्या संकुलात तो क्रम अलाइनमेंटशी जुळवणे जिकिरीचे होते. ही छाटणी मी सुरुवातीला हाताने करीत असे. आता त्यासाठी वीस ओळींची वेगळी स्क्रिप्ट आहे.

आता अनेक टेम्प्लेटकडे वळतो, कारण या प्रणालीचे बळ आणि तिचा धोका दोन्ही तिथेच आहेत. माझ्या हाताशी तीन रचना होत्या. पहिली यीस्टची ४पीडी४ (हा प्रथिन माहितीपेढीतील तिचा क्रमांक), जिच्यात क्यूओ खोबणीत ॲटोव्हाक्वोन बसलेले आहे. बुपार्व्हाक्वोनप्रमाणेच तेही हायड्रॉक्सिनॅप्थोक्विनोन गटातील औषध असल्यामुळे ही रचना माझ्यासाठी सर्वांत मोलाची होती. मात्र तिचे विभेदन सुमारे ३ अँग्स्ट्रॉमच आहे (हा आकडा जितका लहान, तितकी रचना अचूक). दुसरी यीस्टचीच ३सीएक्स५, विभेदन १.९ अँग्स्ट्रॉम, पण खोबणीत स्टिग्मॅटेलिन हा निराळा अवरोधक. तिसरी गायीच्या प्रथिनाची १पीपी९, तीही स्टिग्मॅटेलिनसह. एका टेम्प्लेटमध्ये हवा तो लिगँड, दुसऱ्यात हवी ती अचूकता, तिसऱ्यात वेगळ्या क्रमाचा नातेवाईक. मग तिन्ही घ्यावेत असे कोणालाही वाटेल. मीही तेच केले आणि पहिली शंभर मॉडेल कचऱ्यात गेली.

ॲटोव्हाक्वोनचे टिंब आणि स्टिग्मॅटेलिनची टिंबे मी एकाच स्तंभात ठेवली होती. खोबणी एकच, म्हणून स्तंभही एकच, असा माझा भाबडा तर्क. मॉडेलरच्या दृष्टीने एका स्तंभातील टिंबे म्हणजे एकमेकांशी जुळणारे अवशेष. दोन निराळ्या रेणूंचे अणू एकमेकांशी जुळवायला सांगितल्यावर जे व्हायचे तेच झाले. आता प्रत्येक वेगळ्या लिगँडला मी स्वतंत्र स्तंभ देतो: ॲटोव्हाक्वोनच्या स्तंभात फक्त ४पीडी४ आणि लक्ष्य यांना टिंब, बाकी दोघांना रेघ, स्टिग्मॅटेलिनच्या स्तंभात लक्ष्याला रेघ. दोन्ही हीमचे स्तंभ मात्र तिन्ही टेम्प्लेटमध्ये भरलेले, कारण हीम सगळीकडे तोच आहे. प्रथिनांची जुळणी आधी मॉडेलरमधील ‘सॅलाइन’ या आज्ञेने रचनेच्या आधारे करून घ्यावी आणि लिगँडची टिंबे नंतर हाताने घालावीत. उलट क्रमाने केल्यास टिंबे भलतीकडे सरकतात.

दुसरी अडचण अधिक खोल होती. अनेक टेम्प्लेट दिले की मॉडेलर त्यांची सरसकट सरासरी काढतो, हा समज चुकीचा आहे. प्रत्येक अंतरासाठी तो टेम्प्लेटच्या अंतरांभोवतीच्या घंटाकृती वक्रांचे मिश्रण करतो आणि त्या ठिकाणी ज्या टेम्प्लेटचा क्रम लक्ष्याशी अधिक मिळतो, त्याला अधिक वजन देतो. टेम्प्लेट एकमेकांशी सहमत असतील तर यातून सुंदर मॉडेल मिळते. ते दोन वेगळ्या अवस्थांमधील असतील, तर काही अंतरे एका अवस्थेची आणि काही दुसरीची पाळली जाऊन रचना ना धड इकडची, ना धड तिकडची होते. सायटोक्रोम बी ज्या अनेक प्रथिनांच्या संकुलाचा भाग आहे, त्यात हा धोका प्रत्यक्ष आहे. ॲटोव्हाक्वोनच्या हायड्रॉक्सिल गटाला धरणारे एक हिस्टिडीन सायटोक्रोम बीमध्ये नसून शेजारच्या रिस्के प्रथिनात आहे, यीस्टमध्ये १८१ क्रमांकाचे. रिस्के प्रथिनाचे डोके हलते असते: स्टिग्मॅटेलिनसारखा अवरोधक खोबणीत असला की ते सायटोक्रोम बीला चिकटून राहते, नसला की सायटोक्रोम सी१ च्या दिशेने सरकू शकते. म्हणजे अवरोधक नसलेली एखादी चांगल्या विभेदनाची रचना केवळ अचूकतेच्या मोहाने चौथा टेम्प्लेट म्हणून जोडली, तर नेमके ते हिस्टिडीन जागेवरून हलते. मी तसे एकदा करून पाहिले. गुण उत्तम आले आणि औषध अधांतरी लटकले.

म्हणून आता मी प्रत्येक टेम्प्लेटला त्याचे काम नेमून देतो. अलाइनमेंटमध्ये एखाद्या टेम्प्लेटचा नको असलेला तुकडा काढून तिथे रेघा घातल्या, की त्या भागापुरते त्याचे मत विचारले जात नाही. १पीपी९ मधील रिस्केचे डोके मी असेच वगळले. शिवाय हीमच्या लोहाचे आणि हिस्टिडीनच्या नायट्रोजनचे अंतर २ अँग्स्ट्रॉमच्या आसपास राहावे, आणि ॲटोव्हाक्वोन रिस्केच्या हिस्टिडीनपासून ३.५ अँग्स्ट्रॉमपेक्षा दूर जाऊ नये, अशी बंधने स्वतः लिहून घातली. त्यासाठी ‘स्पेशल रिस्ट्रेंट्स’ ही सोय आहे आणि मॉडेलरच्या प्रशिक्षणपाठातील लॅक्टेट डिहायड्रोजिनेजच्या उदाहरणात ती नीट दाखवली आहे. तो पाठ कंटाळवाणा वाटला तरी शेवटपर्यंत करावा. मी निम्म्यात सोडला होता आणि उरलेला निम्मा भाग पुढे पाच महिन्यांनी शिकलो.

गुणांकनाविषयी सावध राहायला हवे. ‘डोप’ हा गुण मॉडेलची क्रमवारी लावण्यासाठी सर्रास वापरला जातो, पण तो प्रथिनाच्या अणूंपुरता आहे. लिगँड खोबणीत नीट बसला आहे की भिंतीत घुसला आहे, हे त्याला कळत नाही. सायटोक्रोम बी तर पटलात रुतलेले प्रथिन, त्यामुळे पाण्यात विरघळणाऱ्या प्रथिनांसाठी जुळवलेली मोजपट्टी त्याला किती लागू पडते, हाही प्रश्न उरतो. मी डोपने तळातली मॉडेल बाद करतो आणि उरलेल्यांतील खोबणी एकेक करून डोळ्यांनी पाहतो. पद्धत मागासलेली वाटेल, पण औषध अधांतरी लटकलेले मला याच पद्धतीने दिसले होते.

हे सगळे आज का करायचे, असे सहकारी विचारतात. अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेने रचना वर्तवणाऱ्या प्रणालीच्या माहितीपेढीत रचना तयार मिळतात. परंतु त्यांत हीम किंवा औषध नसते. अल्फाफिल त्या रचनांमध्ये ज्ञात लिगँड रोवते, पण प्रथिन आधीच घडलेले असते. २०२४ मधील अल्फाफोल्ड ३ लिगँडसह रचना वर्तवते आणि मी ते तुलनेसाठी वापरणार आहे. तरीही कोणता भाग कोणत्या स्फटिकरचनेवरून आला आणि कुठे मी हात घातला, हे ओळीओळीने दाखवता येणे मला मॉडेलरमध्येच जमते. परीक्षकाने शंका काढली की मी त्याच्यासमोर अलाइनमेंटची फाइल ठेवू शकतो.

एक मर्यादा मात्र ओलांडता येत नाही. टिंबाने आलेला लिगँड टेम्प्लेटमधून जसाच्या तसा उचललेला ताठ ठोकळा असतो. माझ्या मॉडेलमध्ये बसले आहे ते ॲटोव्हाक्वोन. थायलेरियावर वापरतात ते बुपार्व्हाक्वोन. दोघांचे डोके सारखे आहे, पण बुपार्व्हाक्वोनच्या शेपटीत सायक्लोहेक्झिल कड्याआधी एक जास्तीचा कार्बन आहे आणि टोकाला क्लोरोफेनिलऐवजी ब्युटिल गट आहे. २५३ क्रमांकाच्या स्थानाचा संबंध याच शेपटीशी असेल, तर उधारीच्या रेणूवरून केलेला निष्कर्ष कच्चा ठरेल. म्हणून सेरीन घातलेल्या मॉडेलची चित्रे तयार असूनही मी ती अहवालात घातलेली नाहीत. आधी ॲटोव्हाक्वोन काढून त्या जागी बुपार्व्हाक्वोन डॉक करायचे, म्हणजे संगणकावर खोबणीत बसवून पाहायचे आहे, आणि तेही किमान दहा वेगवेगळ्या मॉडेलमध्ये.