चित्रांतून शिकणाऱ्या मुलीसाठी वाङ्मयाधारित गृहशिक्षण : काही महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या जूनपासून आम्ही बडोद्यात आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांच्या पद्धतीने घरीच शिकवत आहोत. पाठ्यपुस्तकाऐवजी सकस साहित्य घ्यायचे, त्यातला उतारा एकदाच वाचायचा आणि मुलाने तो लगेच आपल्या शब्दांत सांगायचा, हा या पद्धतीचा कणा आहे. आमची मुलगी मात्र सांगताना दोन वाक्यांत थांबत असे. तोच प्रसंग कागदावर काढायला दिला की कडेला उभी असलेली माणसेसुद्धा तिला आठवत. म्हणून आम्ही आधी वाचन, मग चित्र आणि त्यानंतर त्या चित्रावर बोट ठेवून कथन, असा क्रम ठेवला.

या एका बदलाचा लाभ सर्वांत मोठा आहे. चित्र काढताना कोण कुठे होते, आधी काय घडले, हे तिला स्वतःलाच ठरवावे लागते आणि उताऱ्याचा अर्थ तिथेच पक्का होतो. तयार चित्रे आम्ही वाचनानंतरच दाखवतो, कारण ती आधी समोर आली की मजकूर बाजूला राहून त्यांचीच नक्कल होते. महाभारतातील प्रसंग वाचून झाल्यावर तिला रावपुऱ्यातील तांबेकर वाड्याची एकोणिसाव्या शतकातील भित्तिचित्रे दाखवली आणि नंतर कीर्तिमंदिर या गायकवाड घराण्याच्या स्मारकातील, चित्रकार नंदलाल बोस यांनी रंगवलेली महाभारताची भिंत. एकाच कथेतून दोन्ही ठिकाणच्या चित्रकारांनी काय घेतले आणि काय सोडले, यावर ती जितके बोलली तितके एरवी कोणत्याही धड्यावर बोललेली नाही. बडोद्यातल्या पालकांनी ही सोय अवश्य वापरावी.

तरीही तिच्यावर ‘दृश्य पद्धतीने शिकणारी’ असा कायमचा शिक्का मारावा, असे मला वाटत नाही. मुलांचे ‘दृश्य’, ‘श्राव्य’ असे गट पाडून त्यानुसार शिकवल्याने शिक्षण सुधारते याला पुरेसा आधार नाही, असा निष्कर्ष मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मांडला होता. ओव्या आणि अभंग यांच्या बाबतीत तर आम्ही चित्र टाळतोच. तिथे नादच महत्त्वाचा असतो आणि पाठांतरानेच तो कानात बसतो.

लेखन ही या रचनेतली कच्ची बाजू आहे. शाळेत न जाणाऱ्या मुलांनाही राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या (एनआयओएस) माध्यमिक, म्हणजे दहावीच्या, परीक्षेला वयाच्या चौदाव्या वर्षानंतर बसता येते आणि तिथे उत्तरे शब्दांतच लिहावी लागतात. त्यासाठी आता प्रत्येक चित्राखाली तिने पाच-सहा सलग वाक्ये लिहावीत, असा नेम आम्ही सुरू केला आहे.