रात्रीच्या भिंती आणि ३५ मिमीची लेन्स : आठ महिन्यांनंतर

गेल्या जुलैत एक ३५ मिमी एफ १.८ लेन्स सेकंडहँड घेतली (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं उघडतं आणि उजेड जास्त येतो). साडेनऊ हजारांना. तेव्हापासून ती माझ्या जुन्या क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यावरून फारशी उतरलेली नाही. घेतली ती एकाच कामासाठी : रात्री भिंतींवरची ग्राफिटी टिपायला. माझी पाळी रात्री दहाला सुटते. अंगात त्राण असेल त्या दिवशी लोअर परळहून सेनापती बापट मार्गाने माहीमपर्यंत चालत घरी येते. जुनी माणसं अजून तुळशी पाइप रोडच म्हणतात. २००९ साली रेल्वेच्या कडेची इथली लांबच लांब भिंत लोकांनी रंगवली, तेव्हा मी शाळेत होते. भिंत रंगवायची असते हे मला तिथेच पहिल्यांदा दिसलं.

आधी कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ मिमीची झूम लेन्स वापरायचे. ३५ वर ती एफ ४.५ च्या खाली जात नाही. एफ १.८ म्हणजे त्याच्या सहापट उजेड. जिथे आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, ६४०० लावून निळ्या रंगात खसखस सांडल्यासारखी नॉइज यायची, तिथे आता १००० वर भागतं. एवढ्या एका फरकासाठीसुद्धा पैसे वसूल झाले असं मी म्हणेन. लेन्स एफ १.८ पर्यंत पूर्ण उघडल्यावर फोटोचे कोपरे मात्र मऊ, अस्पष्ट पडतात. भिंत सपाट असते, चित्र कोपऱ्यापर्यंत भरलेलं असतं, त्यामुळे ते लगेच डोळ्यांत येतं. म्हणून मी शक्यतो एफ २.८ वर काढते आणि भिंतीशी अगदी समोरासमोर उभी राहते. जरा तिरकं उभं राहिलं की चित्राची लांबची बाजू फोकसमधून निसटते.

लेन्सपेक्षा जास्त शिकवलं ते रस्त्यावरच्या दिव्यांनी. सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली निळा रंग काळा दिसतो आणि जांभळा मातकट. रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, कितीही ओढा, भिंतीवर निळा उजेड पडलाच नसेल तर तो फोटोत येणार कुठून? पहिले दोन महिने मी हे रंग जबरदस्तीने दुरुस्त करायला बघत होते आणि चित्र आजारी दिसायचं. आता पिवळं ते पिवळंच ठेवते, किंवा सरळ कृष्णधवल करते. पांढरे एलईडी बसलेल्या गल्लीत रंग खरे येतात, पण तिथे दुसरीच भानगड. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. शटर १/२५० सेकंदाचं केलं की फोटोत आडवे काळे पट्टे. १/१०० किंवा १/५० ठेवलं की पट्टे जवळजवळ गायब. सायलेंट, म्हणजे आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर तर रात्री बंदच ठेवावं. एवढी साधी गोष्ट कळायला मला सप्टेंबर उजाडला.

ट्रायपॉड मी नेत नाही. तो उघडला की वॉचमन येतो, मग परवानगीची चौकशी सुरू होते. हातात कॅमेरा असला तर कोणी काही म्हणत नाही. फार अंधार असेल तर उभ्या स्कूटरच्या सीटवर ओढणीची घडी ठेवून त्यावर कॅमेरा, दोन सेकंदांचा टायमर आणि अर्ध्या सेकंदाचं एक्स्पोजर. तेवढ्यात बेस्टची बस आली की हेडलाइटचा पट्टा चित्रावरून सरकत जातो. आधी मी असे फोटो टाकून द्यायचे. आता बसची वाट बघते.

लेन्स कमी पडते ती वांद्र्याला. चॅपल रोड आणि वरोडा रोडच्या गल्ल्या इतक्या अरुंद की पाठ समोरच्या घराला टेकली तरी अख्खं चित्र बसत नाही. क्रॉप सेन्सर चित्राचा मधलाच भाग पकडतो, त्यामुळे त्यावर ३५ म्हणजे साधारण ५३ मिमीइतकं अरुंद दिसतं, दुसरं काय होणार! मग उभे तीन फोटो काढायचे आणि घरी जोडायचे. एकदा एका जुन्या लाकडी घरातल्या आंटी खिडकीतून म्हणाल्या, "बाय, सकाळी ये ना, चांगला दिसेल." त्यांचं खरं होतं. पण सकाळी तिथे गाड्या उभ्या असतात.

मोबाइलचा नाइट मोड पुरत नाही का, असं बरेच जण विचारतात. व्हॉट्सअपसाठी पुरतो. मोबाइल पाच-दहा फोटो एकत्र करून उजेड वाढवतो आणि वर इस्त्री फिरवल्यासारखं सगळं गुळगुळीत करतो. स्प्रेचा डबा भिंतीपासून जरा लांब धरला की रेघेच्या कडेला रंगाची बारीक धूळ बसते. जवळ धरून हात रेंगाळला की ओघळ येतो. कुणाचा हात सरावलेला आणि कोण घाबरत घाबरत मारून पळालंय, हे त्या धुळीत आणि ओघळात दिसतं. मोबाइल नेमकं तेच पुसतो. या लेन्सने माहीमला पाण्याच्या मीटरशेजारी भिंतीवर सापडलेल्या वीतभर गुलाबी मांजरीचा फोटो काढला. तिच्या मिशांवरचे रंगाचे कण मोजता येतात.

पावसाळ्यात एक दुखणं झालं. ऑक्टोबरमध्ये आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली. चूक माझी, ओल्या बॅगेत ठेवून झोपले होते. साफ करायला बाराशे गेले. आता तांदूळ ठेवायच्या हवाबंद डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत ठेवते.

फोटो इन्स्टाग्रामवर टाकताना काळोख्या जागा चौकोनी ठिपक्यांत फुटतात. त्यावर माझा उपाय : थोडी नॉइज मुद्दाम राहू द्यायची, फाइल एसआरजीबीमध्ये (स्क्रीनसाठीच्या नेहमीच्या रंगपद्धतीत) आणि १०८० पिक्सेल रुंद करायची, आणि एडिट करताना स्क्रीनचा उजेड निम्मा ठेवायचा. सही वाचता आली तर चित्रकाराचं नाव कॅप्शनमध्ये पहिल्या ओळीत. हे फक्त सौजन्य नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सार्वजनिक जागेतल्या शिल्पाच्या फोटोला सूट आहे, पण भिंतीवरच्या चित्राचं नाव त्या कलमात नाही. मुंबईतलं एक भित्तिचित्र एका विमा कंपनीच्या जाहिरातीत आलं, तेव्हा २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती जाहिरात उतरवायला लावली होती. म्हणून मी हे फोटो विकत नाही, कुणाला जाहिरातीला देत नाही. विनापरवानगी मारलेल्या कामाचं लोकेशनही टाकत नाही. एकदा टाकलं होतं. दोन दिवसांत मेसेज आला, "ताई, प्लीज गल्लीचं नाव काढा." लगेच काढलं. मांजर त्याचीच होती.

जानेवारीत त्या भिंतीला चुना लागला. त्याने मूळ फाइल मागितली. त्याच्याकडे मोबाइलवरचा एकच हललेला फोटो होता. मी व्हॉट्सअपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवली, म्हणजे ती दाबली जात नाही. त्याने ती दोन फूट रुंद छापून घरी लावली आणि त्याचा फोटो मला पाठवला. मिशांवरचे कण त्यातही दिसतात.

तर घ्यावी का? तुमच्याकडे क्रॉप सेन्सरचा कॅमेरा असेल आणि तुम्ही मोठ्या रस्त्यांवर, भिंतीपासून चार-पाच मीटर लांब उभे राहू शकत असाल, तर जरूर घ्या. गल्ल्यांमध्येच फिरणार असाल तर २३ किंवा २४ मिमी बघा. मी पैसे साठवतेय. मिळाली तर पावसाच्या आधी पुन्हा वरोडा रोडला जाईन, आंटींच्या खिडकीसमोरची भिंत अजून एका फोटोत बसलेली नाही.